सारखा विझणारा हीटर

मिस्त्रीच्या दुकानातून डोंगरावर न्यायला हीटर घ्यायचा, म्हणजे आधी त्याचं भाषण ऐकावं लागे. त्यातून कोणाचीही सुटका नव्हती. गिर्यारोहक असोत, रस्त्याच्या कामावरचा मुकादम असो, नाहीतर बर्फात फोटो काढायला आलेलं नवं जोडपं असो, मिस्त्री हीटर काउंटरवर ठेवी, त्यावर पंजा ठेवी आणि बोलणं संपेपर्यंत पंजा उचलत नसे.

"दोन ठिकाणी हवा पाहिजे," तो सांगे. "एक फट खाली, एक वर. एकीने हवा आत येते, दुसरीने बाहेर जाते. एकच ठेवाल तर उपयोग नाही. झोपताना बंद म्हणजे बंद. डोकं जड झालं, मळमळलं, पायातलं बळ गेल्यासारखं वाटलं, की आधी बाहेर पडायचं आणि मग विचार करायचा. बंद खोलीत जो विषारी वायू साचतो त्याला वास नसतो, तेव्हा नाकावर विसंबायचं नाही. आणि हे बघा, फार वर गेलात तर हा आपोआप विझायला लागेल. बिघडला म्हणून मला फोन करू नका. शहाणा आहे म्हणून विझतो."

मग झाकण उघडून तो आतली गंमत दाखवी. एक बारीकशी ज्योत, आणि तिच्या टोकाशी काडीएवढी धातूची दांडी. दांडी तापलेली आहे तोवर गॅस चालू. हवेतला ऑक्सिजन कमी झाला की ज्योत डळमळते, दांडीपासून लांब उचलली जाते, दांडी गार पडते आणि गॅस बंद. "एवढीशी दांडी आहे," मिस्त्री म्हणे, "पण तुमच्यापेक्षा जास्त जागी असते." गावातली टवाळ मंडळी त्याला पाठीमागे 'खिडकी' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

अशा माणसाने ती दांडी स्वतःच्या हाताने वाकवली. तीही कोणा परक्याच्या हीटरची नाही, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या.

ताई त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे ताईने लग्नाला होकार देताना एकच अट घातली, की हा माझ्याबरोबर येईल. भाऊजी म्हणाले होते, "येऊ दे की. नवराबायकोच्या भांडणात पंच म्हणून कोणी तरी लागतंच." भाऊजींचं सगळं बोलणं असं. गंभीर गोष्टही ते अशी बोलत, की समोरच्याला हसावं की उत्तर द्यावं ते कळू नये. मिस्त्रीला त्यांनी सायकल शिकवली, दाढी करायला शिकवली, आणि शाळेत डोकं चालत नाही म्हटल्यावर ओळखीच्या कारागिराकडे शेगड्या दुरुस्त करायला नेऊन बसवलं. "मेव्हणेबुवा," असं त्याला ते तेव्हापासून म्हणत, पोराच्या ओठावर मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून.

भाऊजी हवामान केंद्रावर नोकरीला होते. केंद्र म्हणजे खिंडीच्या डोक्यावर, अकरा हजार फुटांवर, लाकूड-पत्र्याची एक खोली. तीन आठवडे वर, एक आठवडा खाली. पहाटे सहापासून दर तीन तासांनी बाहेर जाऊन पांढऱ्या पेटीतला पारा वाचायचा, वारा मोजायचा, रजिस्टरात लिहायचं आणि वायरलेसवर खाली कळवायचं. बावीस वर्षांत त्यांचं एकही रीडिंग चुकलं नव्हतं. ताई म्हणायची, "यांना माझा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण सात वर्षांपूर्वीचा वारा लक्षात असतो."

त्या हिवाळ्यात केंद्रातली मोठी शेगडी बिघडली. तिचा धूर नळीने छताबाहेर जायचा, ती भरवशाची वस्तू होती. तिचा सुटा भाग वरिष्ठ कार्यालयाकडून यायचा होता आणि वरिष्ठ कार्यालयात थंडी वाजत नसल्यामुळे तो काही येत नव्हता. तोवर कामचलाऊ म्हणून भाऊजींनी मिस्त्रीच्या दुकानातला एक छोटा हीटर वर नेला. तीन आठवड्यांनी ते उतरले ते तडक दुकानात आले आणि हीटर काउंटरवर आदळला.

"मेव्हणेबुवा, हे यंत्र तुम्ही कोणत्या कचेरीतून उचललंत? दर पंधरा मिनिटांनी सुट्टीवर जातं."

दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. ती हसली. मिस्त्री म्हणाला, "भाऊजी, वर हवा विरळ आहे. तो विझतो ते बरोबरच आहे. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"म्हणजे थंडीत न चालणारा हीटर. उद्या पावसात न उघडणारी छत्री काढ, दोन्ही एकदम खपतील."

पुन्हा हशा. मिस्त्रीचे कान लाल झाले. वीस वर्षं दुकान चालवलेला माणूस, पण भाऊजींसमोर तो अजून नऊ-दहा वर्षांचाच असे. तरीही एवढ्या थट्टेने तो बधला नसता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. गिऱ्हाईकं गेल्यावर भाऊजी स्टुलावर बसले आणि त्यांनी हातमोजे काढले. बोटांची टोकं पांढुरकी पडून सालं निघाली होती. "पेन्सिल धरता येत नाही रे," ते म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "परवा सहाचं रीडिंग मी मुठीत पेन्सिल धरून लिहिलं. पहिलीतल्या पोरासारखं अक्षर आलं."

मिस्त्रीला त्या बोटांकडे बघवेना. खरं उत्तर त्याला तेव्हाही माहीत होतं. हा हीटर इतक्या उंचीसाठी नाहीच, वर नेऊ नका, मी उद्या तुमच्या कार्यालयात जाऊन त्या मोठ्या शेगडीसाठी भांडतो. एवढं बोलायचं होतं. पण या खेपेला बदलीचा माणूस एकाच दिवसापुरता मिळाल्यामुळे भाऊजींना दुसऱ्या दिवशी वर जायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी याच्याकडे काही मागितलं होतं. "ठेवून जा, बघतो," तो म्हणाला.

भाऊजी चहा प्यायला ताईकडे गेले. मिस्त्रीने झाकण उघडलं, पकड घेतली आणि दांडी वाकवून ज्योतीच्या पार आत सरकवली. आता ज्योत कितीही डळमळली तरी दांडी तापलेलीच राहणार होती. मिनिटभराचं काम. वर जाताना भाऊजी हीटर न्यायला आले तेव्हा त्याने भाषण सुरू केलं, "भाऊजी, दोन ठिकाणी हवा..."

"तुझं प्रवचन गिऱ्हाइकांना. दुरुस्त झाला का ते सांग."

आणि मिस्त्री म्हणाला, "झाला. आता नाही विझायचा."

जे सांगायला हवं होतं ते त्याने गिळलं. याच्यातला राखणदार मी काढून टाकलाय, आता तुमची राखण तुम्हीच करायची, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर भाऊजींनी विचारलं असतं, मग असं केलंस कशाला? त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. भाऊजींनी हीटर बगलेत मारला, आणि आपल्या मेव्हण्याने काहीतरी अवघड काम करून दाखवलं अशा कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

बारा दिवस सगळं छान चाललं. तेराव्या दिवशी उत्तरेकडून वारा सुटला आणि खिडकीच्या फटीतून बर्फाची भुकटी थेट टेबलावर, रजिस्टरावर यायला लागली. भाऊजींनी बाराचं रीडिंग घेतलं, कळवलं, आणि खिडकी घट्ट बंद करून फटीत टॉवेल कोंबला. माणूस निष्काळजी नव्हता. हवा बिघडली की हीटर आपणहून विझतो, हे त्यांनी मेव्हण्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, त्याच्याच हीटरवर तीन आठवडे अनुभवलंही होतं. दुरुस्तीने उगाचचं विझणं तेवढं थांबलं असणार; हवा खरंच बिघडली की विझेल, आणि विझला की उघडू खिडकी, एवढा साधा हिशोब त्यांनी केला.

तीनचं रीडिंग आलं नाही. खाली वाटलं, वायरलेस बिघडली. चारच्या सुमाराला बर्फ हटवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे चहासाठी थांबला. दार वाजवलं, ढकललं. भाऊजी खुर्चीत बसलेले, हातात पेन्सिल, गाल लाल. त्याने त्यांना ओढत बाहेर बर्फात आणलं आणि गाडीत घालून खाली आणलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो मिस्त्रीला सगळं सांगत होता. त्याचंही डोकं दुखत होतं, दोन्ही हातांनी कपाळ दाबून तो बोलत होता. शेवटी तो म्हणाला, "हीटर मात्र मस्त चालू होता हो. मीच जाऊन बंद केला."

मिस्त्री तिथल्या बाकावर बसला तो कितीतरी वेळ उठला नाही. ताईला वाटलं, भाऊजींच्या काळजीने. तिने स्वतःचे डोळे पुसून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

भाऊजी वाचले. पाचव्या दिवशी घरी आले, चेष्टाही करू लागले. दोन-तीन आठवड्यांनी मात्र त्यांचं काहीतरी सुटायला लागलं. सकाळचं बोलणं संध्याकाळी आठवेना, मग कालचं सगळंच पुसलं जाऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, या वायूने असं होतं कधी कधी, माणूस बरा झालासा वाटतो आणि मग मागाहून मेंदू दगा देतो. जुनं सगळं शाबूत होतं, अगदी त्या दिवसाच्या टॉवेलापर्यंत. त्यानंतरचं मात्र एका झोपेपलीकडे टिकत नव्हतं.

दरम्यान भाऊजींच्या कार्यालयातले साहेब एका पोत्यात हीटर घालून दुकानात आले. "चौकशी करायची आहे," ते म्हणाले. "यातलं कळणारे गावात तुम्हीच. तपासून लेखी द्या." ज्याने बिघाड केला त्याच्याचकडे तो शोधायचं काम आलं. नियतीला कधी कधी अशी कुत्सित थट्टा सुचते.

त्याने शटर अर्धं ओढलं आणि झाकण उघडलं. दांडी तशीच वाकलेली होती. तिच्यावर पकडीच्या दातांची खूणसुद्धा होती. हे असंच्या असं साहेबांपुढे ठेवावं, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्याने तो बराच वेळ धरूनही ठेवला. मग त्याला ताईचा चेहरा दिसला. त्याने पकड घेतली आणि दांडी सरळ केली. कागदावर लिहिलं, यंत्र सुस्थितीत, सुरक्षा व्यवस्था चालू. खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

साहेबांनी कागद वाचला. "मग विझला कसा नाही? यांनीच पेटवायच्या बटणाला काही तरी लावून ते दाबून धरलं असेल. थंडीत माणूस काहीही करतो."

"असेल," मिस्त्री म्हणाला.

त्या एका शब्दाने भाऊजींची बावीस वर्षं पुसली. कार्यालयाच्या अहवालात 'निरीक्षकाचा निष्काळजीपणा' असं छापून आलं. गावात लोक म्हणू लागले, एवढी अक्कल असलेला माणूस, आणि यंत्राशी खेळ करत बसला. पहिल्यांदा वाकवली ती दांडी मायेपोटी तरी होती. दुसऱ्यांदा सरळ केली ती निव्वळ भेकडपणे, आणि हे मिस्त्रीला रोज, दुकान उघडताना आणि बंद करताना, स्पष्ट कळत होतं.

आठ महिने त्याने तोंड उघडलं नाही. ताईकडे तो जायचा, किराणा पोचवायचा, गळका नळ दुरुस्त करून द्यायचा. दोनदा सांगायचं पक्कं ठरवून गेला. एकदा ताईला ताप होता. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं, तरीही परत आला. प्रत्येक भेटीत भाऊजी त्याच गोष्टीवर येत. "काय रे, तू तर म्हणायचास, हवा बिघडली की हा बंद पडतो. मग पडला का नाही?" तो म्हणे, "मशीन आहे भाऊजी, काय सांगावं." आणि आतून ताईचा आवाज येई, "मशीनला कशाला बोल लावता? हात शिवशिवत असतात तुमचे. केलं असेल काहीतरी." भाऊजी मान खाली घालत. पूर्वी एका शब्दाला चार शब्द परत करणारा माणूस, पण टॉवेलानंतरचं आता आपल्याला आठवत नाही, म्हणजे तेव्हा आपणच केलं असेल, असं त्यांनी मान्य करून टाकलं होतं. मिस्त्री तिथेच नळ आवळत असे.

एका रविवारी सकाळी तो कपाटाचं दार बसवायला गेला होता. ताई बाजारात गेली होती, भाऊजी आंघोळीला. टेबलावर एक वही उघडी होती. भाऊजींनी रोज उठल्यावर वाचावी म्हणून डॉक्टरांनी लिहायला लावलेली. ती आहे हे मिस्त्रीला माहीत होतं, वाचली कधी नव्हती. रजिस्टरातल्यासारखं सुबक, सरळ अक्षर.

'मी घरी आहे. ड्युटी संपली, सहाला उठायची गरज नाही. केंद्रात विषारी वायू साचला, त्यामुळे आठवण राहत नाही. खिडकी मी बंद केली. हीटरशी छेडछाड मीच केली, तसा रिपोर्ट आहे. त्यामुळे हिला फार त्रास झाला आहे, तिच्यावर चिडू नये. मेव्हण्याच्या दुकानाचं नाव खराब झालं. तो भेटला की माफी मागावी.'

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. हे एकदाचं लिहून झालेलं नव्हतं. हा माणूस रोज सकाळी उठत होता, हे वाचत होता, आणि आपल्या हातून काय झालं ते रोज नव्याने ऐकून घेत होता. त्याने हिशोब केला नाही, पण आठ महिन्यांत किती सकाळी येतात ते कोणालाही कळतं. तेवढ्यात भाऊजी टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले, त्याला बघून हसले आणि मग वहीकडे बघून गंभीर झाले. "बरं झालं भेटलास. मला तुझी माफी मागायची होती," ते म्हणाले.

"नका मागू भाऊजी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तो कपाटाचं दार तसंच लोंबतं टाकून जिन्यात येऊन बसला आणि ताईची वाट बघत राहिला.

ताई पिशव्या घेऊन वर आली. "इथे का बसलास, बाळ्या?" तिच्या हातातल्या पिशव्या घेण्याचंही त्याला सुचलं नाही. त्याने बसल्या बसल्या, जिन्याच्या पायरीकडे बघत सगळं सांगितलं. पांढुरकी बोटं, पकड, 'आता नाही विझायचा', आणि मग ते पोतं, सरळ केलेली दांडी, शिक्का, आणि 'असेल'. सांगून होईपर्यंत ती पिशव्या हातात धरून उभी होती.

"त्या दांडीमुळेच झालं, हे कधीपासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली. "ते वाकवलंस ते मी समजू शकते. त्यांनी मागितलं असणार आणि तुला नाही म्हणता आलं नसणार, त्यांना नाही म्हणणं कोणालाच जमत नाही. पण नंतर तू माझ्या घरी येऊन जेवलास, बाळ्या. मी त्यांना तुझ्यासमोर घालूनपाडून बोलत होते आणि तू ऐकत होतास." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "काय काय बोलले मी त्यांना या आठ महिन्यांत. ते विसरतात. मी विसरत नाही."

"मी उद्या कार्यालयात जाऊन लिहून देतो. आणि वहीत आत्ताच लिहितो, ती ओळ खोडून, माझ्या अक्षरात. रोज वाचतील म्हणजे."

"कार्यालयात जा," ताई म्हणाली. "वहीला हात लावायचा नाही. ती ओळ मी खोडेन. तू कागदावर एकदा लिहिशील आणि सुटशील. त्यांनी रोज सकाळी ते वाचलंय. तू रोज सकाळी येऊन तोंडाने सांगायचं."

"रोज?"

"त्यांना रोज नवंच असणार आहे ना?"

ती पिशव्या उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला. साहेबांनी त्याचं म्हणणं लिहून घेतलं, दोन वेळा वाचून दाखवलं आणि सही घेतली. "हे आठ महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर," असं म्हणून त्यांनी पुढचं सोडून दिलं. अहवाल बदलला, तो कोणी वाचला नाही. मिस्त्रीचा गॅसच्या कामाचा परवाना गेला. आता दुकानात तो सायकली आणि मिक्सर दुरुस्त करतो. डोंगरावर जाणारी मंडळी पलीकडच्या गल्लीतल्या नव्या दुकानातून हीटर नेतात. तिथे भाषण नसतं. ती रस्त्याने जाताना दिसली की हा हातातलं काम खाली ठेवतो. तो उठून दाराशी येतो, काही तरी सांगायला तोंड उघडतो, आणि आपण सांगणारे कोण, असं वाटून पुन्हा आत जातो.

दुकान उघडायच्या आधी, रोज सकाळी साडेसातला, तो ताईकडे जातो. भाऊजी खिडकीशी बसलेले असतात, चहाची वाट बघत. "एवढ्या सकाळी मेव्हणेबुवा? दुकान विकलं की काय?" रोज तेच. तो समोर स्टूल ओढून बसतो आणि सांगतो, "भाऊजी, हीटर तुम्ही नाही बिघडवलात. त्याची दांडी मी वाकवली होती. तुम्हाला सांगितलं नाही, आणि नंतर चौकशीत खोटं लिहून दिलं."

सवयीने सोपं होईल असं त्याला वाटलं होतं. होत नाही, कारण समोरच्याला सवय होत नाही. रोज त्या चेहऱ्यावरचं हसू त्याच्या डोळ्यांदेखत जातं, आणि रोज ते त्याच्याच बोलण्याने जातं. काही दिवशी भाऊजी संतापतात, "चालता हो," म्हणतात, आणि तो मुकाट्याने जिना उतरतो. काही दिवशी आपली बोटं उलटसुलट करून बघत बसतात. एकदा म्हणाले, "त्या दिवशी दुकानात चारचौघांत मी तुझी जरा जास्तच फिरकी घेतली का रे?" त्याला तिथे रडू फुटलं. कधी कधी ते माफसुद्धा करतात, खांद्यावर हात ठेवून, अगदी मनापासून. पण ती माफी दुसऱ्या दिवशी सकाळी नसते, आणि तिच्यावर आपला हक्क आहे असं मिस्त्रीलाही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र इतक्या सकाळींत कधी बदललेली नाही. चिडून झालं, बोटं बघून झालं, की भाऊजी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात. मग पुढे वाकतात आणि आवाज एकदम खाली आणतात.

"ताईला बोललास का हे?" ते विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता म्हणतात, "नको बोलूस. तिला माहेरचा तू एकटाच आहेस. मीच काहीतरी केलं, असंच राहू दे. माझं काय, मी ऐकून घेईन."

मिस्त्री म्हणतो, "नाही बोलत." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज तेवढ्यापुरता थांबलेला असतो.